हललेला फोटो

दशरथ मेस्त्रींना माणसांचे चेहरे मुळीच आवडत नसत. ज्याने उभं आयुष्य फोटो स्टुडिओत काढलं त्या माणसाविषयी हे ऐकून लोकांना नवल वाटे. मेस्त्रींना लोकांच्या नवलाचंही काही वाटत नसे. "हलवाई कधी पेढे खाताना बघितलाय?" एवढंच ते विचारत, आणि समोरचा उत्तर शोधेपर्यंत पुन्हा पेपरात तोंड घालत.

त्यांचा स्टुडिओ घाटकोपरला, भटवाडीत होता. वडील देवगडकडून येऊन गिरणीत लागलेले. मुलानेही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. पण दशरथला गिरणीतल्या माणसांचा कंटाळा होता. तो एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला, धंदा शिकला आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा त्याला कळलं की गिरणीबाहेरची माणसंही तसलीच असतात, फक्त तोंडाला पावडर लावून येतात.

ही पावडर लावलेली माणसं मेस्त्रींनी चाळीसेक वर्षं स्टुलावर बसवली. टक्कल दिसू नये म्हणून तिरके बसणारे साहेब. स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आलेली मुलगी, आणि तिच्यापेक्षा जास्त नटून आलेली तिची आई. पासपोर्टच्या फोटोत आपण राजबिंडे दिसू अशी आशा धरून आलेले कारकून, जे फोटो हातात पडला की म्हणत, "जरा लाइटचा घोटाळा झाला काय हो?" मेस्त्री म्हणत, "लाइट बरोबर आहे." पुढचं ते बोलत नसत, पण गिऱ्हाइकाला ऐकू येत असे.

फोटोच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. माणूस ताठ बसला पाहिजे, तोंडावर उजेड पाहिजे आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. बाकी सगळी थेरं.

मग मोबाइल आले आणि ज्याला त्याला स्वतःच्या तोंडाचं वेड लागलं. दुकानात फक्त अर्जाला चिकटवायचे फोटो काढणारे उरले, पुढे तेही येईनासे झाले. दुकान होतं ती चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा मेस्त्रींनी लाइट, पडदे, कॅमेरे सगळं विकून टाकलं आणि बायकोला घेऊन मुलुंडला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. घरी एक लेन्ससुद्धा आणली नाही. धंदा होता, संपला. लग्नाकार्यात हल्लीचे फोटोग्राफर नवऱ्या मुलीला झाडामागून डोकवायला लावत, तेव्हा मेस्त्री खुर्ची फिरवून जेवणाच्या टेबलांकडे तोंड करून बसत. तिथे निदान खोटं कुणी करत नव्हतं.

असा हा माणूस, आणि त्याच्याच घरात सुनेला फोटोचा नाद लागला.

जान्हवी ठाण्याला एका औषधांच्या कंपनीत नोकरी करायची. ऑफिसातल्या मैत्रिणीचा जुना कॅमेरा तिने घेतला आणि घरात वेळ मिळेल तेव्हा फोटो काढायला लागली. कुठे जाणं नाही, कुठे येणं नाही. घरातलेच फोटो. चार वर्षांची अक्षता बापाचं हेल्मेट घालून टेबलाखाली कुरमुरे खातेय. मासे तळून झाल्यावर ओट्यावर उडालेलं तेल. सिद्धेश, म्हणजे मेस्त्रींचा मुलगा, शर्टाला बटण लावता लावता सुईकडे हताश होऊन बघतोय. हे सगळं काढताना जान्हवीच्या तोंडावर असा काही आनंद असे की मेस्त्रींना तो बघवत नसे. दिवसभर नोकरी, मग स्वयंपाक, मग पोरीचा अभ्यास, आणि एवढ्यातून सवड काढून ही बाई तेलाचे डाग टिपत हिंडते. वर खूश होते.

एकदा तिने सासूचा फोटो काढला. सुगंधाबाई फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होत्या. जान्हवीने तो कौतुकाने सासऱ्यांपुढे धरला.

मेस्त्रींनी चष्मा वर केला, खाली केला. "हा फोटो कुणाचा? आईचा की फ्रिजचा?"

"आईंचा, बाबा. बघा ना, त्या कोथिंबीर शोधता शोधता स्वतःशीच बडबडतायत."

"ऐकू येतं का फोटोत?"

"मला येतं," जान्हवी म्हणाली.

"मग कानाच्या डॉक्टरला दाखव."

जान्हवी हसली. तिला सासऱ्यांच्या बोलण्याचं काही लागत नसे, आणि हेच मेस्त्रींना जास्त लागे. माणसाने टोचून बोलावं आणि समोरच्याने ते कापूस टोचल्यासारखं घ्यावं, यात बोलणाऱ्याचीच शोभा होते. पुढे तिने मेस्त्रींचाच पायाची नखं कापतानाचा फोटो काढला. यात बघण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही किती मन लावून कापताय." ही थट्टा की स्तुती, हे त्यांना उमगलं नाही. थट्टाच असावी असं धरून ते त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत.

जान्हवी हे फोटो मोबाइलवरून लोकांना दाखवायची आणि कुठली कुठली अनोळखी माणसं त्याला बदाम पाठवायची. मेस्त्री सिद्धेशला म्हणाले, "ज्यांना स्वतःच्या घरात कुत्रं विचारत नाही, ते आपल्या फ्रिजला बदाम पाठवतात."

"असू दे ना बाबा," सिद्धेश म्हणाला. सिद्धेशचं कुठल्याही गोष्टीवर हेच मत असे.

मग अंबादासची एकसष्टी आली. अंबादास हा सुगंधाबाईंचा धाकटा भाऊ, बोरिवलीला राहणारा, गोड बोलून सगळ्यांकडून कामं करून घेणारा. त्याने छोटा हॉल घेतला होता. गोतावळा मोठा. आरती, ओवाळणी, भाषणं सगळं झालं, पण ठरवलेला फोटोग्राफर काही उगवला नाही. त्याची गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. जेवणं उरकली. लांबून आलेली म्हातारी माणसं चपला शोधायला लागली. तेव्हा अंबादास मेस्त्रींपुढे येऊन उभा राहिला.

"भावोजी, आता तुमच्याशिवाय कोण आहे?"

मेस्त्री म्हणाले, "मी सोडलं ते."

"एकच ग्रुप फोटो. सगळे पुन्हा कधी जमणार?"

"जमू नयेतच," मेस्त्री म्हणाले. पण ते उठले. जान्हवीने आपला कॅमेरा त्यांच्या हातात दिला, कुठे काय दाबायचं ते सांगायला लागली. तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

पुढचा अर्धा तास बोरिवलीच्या त्या हॉलमध्ये मेस्त्रींचं राज्य होतं. उंच मागे, बुटके पुढे, म्हातारे खुर्चीवर, पोरं सतरंजीवर. "तुम्ही मागे जा. अहो, तुम्ही मागेच बऱ्या दिसता." "पोट आत घ्या. आणखी. राहू दे, पुढच्याच्या पाठीमागे लपवा." "तू दात झाक रे, टूथपेस्टची जाहिरात नाही ही." अंबादासच्या जावयाला त्यांनी गॉगल काढायला लावला. अंबादासच्या बायकोला शाल डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यायला लावली आणि मग पुन्हा डाव्यावर. एक पोर रडायला लागलं तर म्हणाले, "रड, पण कॅमेऱ्याकडे बघून रड." जितके चेहरे दिसत होते तितक्यांचा त्यांना पूर्वीसारखाच वीट आला, आणि त्या वीट येण्यात जुन्या चपलेत पाय घातल्याचं सुख होतं.

सुगंधाबाईंना मात्र काही सांगावं लागलं नाही. मेस्त्रींनी कॅमेरा उचलल्याबरोबर त्यांची मान वर झाली, खांदे खाली आले, पदर सरळ झाला. एवढ्या गोतावळ्यात एकच माणूस शहाणं आहे, असं मेस्त्रींच्या मनात आलं आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटो निर्दोष आला. एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. सगळ्यांचे दोन्ही कान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेशने तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर एक अंगठा आला, आणि तो सिद्धेशच्याच मामेबहिणीचा होता, जी कशावरही अंगठा देते. थोड्या वेळाने जान्हवीने दुसरा फोटो टाकला. हा तिने बाजूला उभं राहून मोबाइलवर काढला होता. त्यात दशरथ मेस्त्री होते. एक हात वर, तोंड उघडं, डोळे वटारलेले, कपाळावरची शीर ताठ. आणि त्यांच्यापुढे अंबादासचं अख्खं खानदान तोंड दाबून, पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होतं. शिस्तीत उभं राहायला सांगितलेली माणसं, आणि एकही शिस्तीत नव्हतं.

मग जो काही पूर आला तो दुपारपर्यंत ओसरला नाही. कुणी म्हणालं, फ्रेम करायला हवा. कुणी म्हणालं, काकांचा हात बघा, जसा ट्रॅफिक पोलीस. अंबादासने लिहिलं, "एकसष्टी माझी, पण खरे उत्सवमूर्ती भावोजी." मेस्त्रींनी सगळं वाचलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

पुढच्या सकाळी जान्हवी ऑफिसला निघण्याच्या गडबडीत होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "असले फोटो काढायला अक्कल लागत नाही. दुसऱ्याची फजिती होताना तिथे हजर असावं लागतं, बस."

जान्हवी डब्याचं झाकण शोधत होती. "मग काढून बघा ना, बाबा," ती म्हणाली. तिने आव्हान दिलं नव्हतं. डोकं झाकणात होतं म्हणून सहज बोलून गेली. "कॅमेरा कपाटात आहे, वरच्या खणात." झाकण सापडलं आणि ती गेली.

मेस्त्री बराच वेळ पेपर घेऊन बसले. नंतर उठले आणि कपाट उघडलं.

त्यांचा बेत साधा होता. सुगंधा स्वयंपाकघरात काहीबाही करत असतेच. तिचा एक फोटो काढायचा, वाकडातिकडा, जान्हवीच्या जातीचा. तो सुनेच्या तोंडावर टाकायचा आणि सांगायचं, हे बघ, पोरखेळ आहे. ते दारात जाऊन उभे राहिले. सुगंधाबाई बोंबील साफ करत होत्या. मेस्त्रींनी कॅमेरा डोळ्याला लावला.

सुगंधाबाईंनी मान वर केली. खांदे खाली घेतले. ओल्या हाताच्या मनगटाने पदर सारखा केला आणि समोर बघत स्तब्ध उभ्या राहिल्या. हातात बोंबील आणि चेहरा मंत्रिमंडळाच्या शपथविधीचा.

"अशी काय उभी राहतेस? तू आपलं काम कर."

"करतंय मगे," त्या म्हणाल्या. घरात त्या नवऱ्याशी अजून मालवणीतूनच बोलत. त्यांनी बोंबलाचं डोकं उडवलं, पण मान तशीच वर. बघणाऱ्याला वाटावं, बाई बोंबलाचं उद्घाटन करतायत.

मेस्त्रींनी कॅमेरा खाली केला. सुगंधाबाई पुन्हा वाकल्या, सैल झाल्या. मेस्त्रींनी तो झटकन उचलला. त्या झटकन ताठ झाल्या.

पुढचे काही दिवस मेस्त्रींनी सगळे उपाय केले. दाराआडून बघितलं. बाल्कनीतून खिडकीच्या जाळीतून बघितलं, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बाईने संशयाने पडदा ओढून घेतला. सुगंधाबाई दुपारी पंख्याखाली आडव्या झाल्या तेव्हा चोरपावलांनी गेले. त्यांनी झोपेतच पदर सारखा केला. खोकला ऐकून, पाऊल ऐकून, कदाचित नुसत्या वासाने, त्यांना कळत असे. आणि संध्याकाळी जान्हवी घरी आली, कॅमेरा घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली, की याच सुगंधाबाई तिच्यापुढे खुशाल नाक पुसत, लाटणं हलवत शेजारणीची नक्कल करत, अक्षताला रागे भरत. जान्हवीचा कॅमेरा म्हणजे त्यांना भिंतीवरचं घड्याळ.

मेस्त्रींची चिडचिड व्हायला लागली. एका दुपारी त्यांनी कॅमेरा टेबलावर आपटलाच. "तिच्यासमोर बरी नाचतेस. माझ्यासमोर काय होतं तुला?"

सुगंधाबाई जवळा निवडत होत्या. त्यांनी ताट पुढे सरकवलं. म्हणाल्या, "तुमच्या हातात कॅमेरो दिसलो की माका वाटता, माझा कायतरी चुकला."

त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आज दूध उशिरा आलं, असं सांगावं तसं सांगितलं, आणि पुन्हा जवळा निवडायला लागल्या.

मेस्त्रींनी टेबलावरचा कॅमेरा उचलून गळ्यात अडकवला. त्यांना सगळं आठवत होतं. नवीन लग्न झालेलं, दुकानात पहिले मोठे लाइट आलेले, आणि ते लाइट तपासायला त्यांनी बायकोला स्टुलावर बसवलं होतं. नवा पडदा आला की सुगंधाला बोलाव. नवी लेन्स आली की सुगंधाला बोलाव. घरात भाताखाली गॅस चालू असला तरी ती यायची. मान वर. हलू नको. डोळे का मिटलेस. अशी काय बसलीयस, पोत्यासारखी. सिद्धेशच्या वेळी दिवस गेलेले असतानासुद्धा ती त्या तापलेल्या दिव्यांखाली बसली होती, आणि घाम येतोय म्हणून ते तिच्यावरच ओरडले होते, कारण घाम चमकतो. त्यांतला एक फोटो दुकानाच्या काचेत नमुना म्हणून वर्षानुवर्षं होता. लोक येऊन म्हणायचे, असा काढा. पण त्यांनी बायकोचा फोटो म्हणून असा एकही काढला नव्हता. काढले होते ते लाइटचे.

मेस्त्री चपला घालून खाली गेले. सोसायटीच्या आवारात नेहमीची मंडळी बाकावर बसली होती. सेक्रेटरी पार्किंगवर भाषण देत होता. एरवी मेस्त्रींनी त्याच्या आवाजापासून चपलांपर्यंत सगळ्याला नावं ठेवली असती. त्या दिवशी त्यांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. नुसत्या फेऱ्या मारल्या. एकाने विचारलंसुद्धा, "मेस्त्री, बरं नाही का?"

वर आले ते सरळ स्वयंपाकघरात. स्टूल ओढून बसले. कॅमेरा गळ्यात होता, पण त्याला हात लावला नाही.

"हयसर काय काम तुमचा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"काही नाही. दे, लसूण दे सोलायला."

लग्न झाल्यापासून या माणसाने लसणीची पाकळी सोलली नव्हती. सुगंधाबाईंनी गड्डा दिला आणि बघत राहिल्या. मेस्त्रींनी लसूण सोलली, तीही वाईट सोलली आणि लसणीलाच दोष दिला. गावची लसूण कशी, ही इकडची मेली कशी, सालच सुटत नाही. सुगंधाबाई म्हणाल्या, गावच्या लसणीक कधी हात लावलास? दुसऱ्या दिवशी मेस्त्री पुन्हा आले. मग रोजच यायला लागले. लाल माठ निवडला, शेंगा मोडल्या, जवळ्यातला कचरा काढला. कॅमेरा गळ्यात लोंबकळत असे, गुरांच्या गळ्यातल्या लोढण्यासारखा. पहिले काही दिवस सुगंधाबाई त्याच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत आणि मानेत ताठ राहत. पुढे जवळ्याकडे बघणं जास्त गरजेचं झालं.

आणि मग मेस्त्रींना एक शोध लागला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, या घरात माणसं ओळखणारा आपण एकटाच. ते साफ चूक होतं. सुगंधाबाई त्यांच्याहून जहरी होत्या. त्या बोलत नसत, इतकंच. स्टुडिओत गिऱ्हाइकांपुढे, लग्नात नातेवाइकांपुढे त्या गप्प राहिल्या, सगळं बघून ठेवलं, आणि आता जवळा निवडता निवडता एकेकाला काढत होत्या. अंबादास भाषणात "मी कोण, एक सामान्य माणूस" म्हणताना डोळे कसे मिटतो. जावई गॉगल काढल्यावर सोललेल्या कोलंबीसारखा कसा दिसला. सेक्रेटरीची बायको लिफ्टमध्ये कशी उभी राहते, जणू लिफ्ट तिच्या माहेरची. आवाजासकट, हातवाऱ्यांसकट. मेस्त्री हसायला लागले. त्यांना हसताना खोकला येई, खोकताना डोळ्यांत पाणी येई, आणि हातातली लसूण जमिनीवर पडे. बाहेर खोलीत अक्षता आपल्या आईला म्हणाली, "आजोबांना काय झालं?" जान्हवीलाही सांगता येईना.

"तू हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस?" मेस्त्रींनी विचारलं.

"तुमका वेळ खय होतो? तुमी लोकांच्ये माना सरळ करी होतास."

एके रविवारी सकाळी त्या ओल्या खोबऱ्याची कवड किसत होत्या. बोलता बोलता विषय पुन्हा एकसष्टीच्या फोटोवर आला. सुगंधाबाई म्हणाल्या, सगळ्यांची सोंगं झाली, पण खरं सोंग राहिलंच. त्यांनी किसणी उचलली, डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, दुसरा वटारला, कंबर मागे काढून वाकल्या आणि मेस्त्रींच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पोट आत घ्या. आणखी. अहो, श्वास घेऊ नका, घरी जाऊन घ्या." किसणीतून खोबऱ्याचा कीस नाकावर पडला. त्याने शिंक येऊ लागली, ती आवरताना हसू आलं, हसू आवरताना पदर खांद्यावरून घसरला. मेस्त्रींच्या हातात कॅमेरा कधी आला ते त्यांना कळलं नाही. हसण्याने त्यांचं पोट हलत होतं, हात हलत होते. बटण दाबलं गेलं.

सुगंधाबाई थांबल्या. "काढलास?"

"निघाला."

"बघू."

त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला. मेस्त्रींना वाटलं, आता पदराबद्दल बोलणार. त्या म्हणाल्या, "शी. काय मी ही?" आणि पुन्हा एकदा बघितला. "कुणाक दाखवू नकात."

मेस्त्रींनी तो दुपारी एकट्याने नीट पाहिला. फोटो हलला होता. कपाळ अर्धं कापलं गेलं होतं. मागे खिडकीचा उजेड असा भसकन आला होता की चेहऱ्याची एक बाजू धुऊन निघाली होती. कान तर एकही दिसत नव्हता, तिथे किसणी होती. पण ती बाई सुगंधा होती. ही बाई आपल्याकडे राहते, हे त्यांना इतक्या वर्षांनी कुणीतरी फोटो काढून कळवलं होतं, आणि तो फोटो काढणारा गाढव ते स्वतःच होते.

मनाई असूनही त्यांना राहवेना. फक्त जान्हवीला दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. ती घरातलीच, आणि शिवाय कॅमेरा तिचा. जान्हवी फोटो बघून हसली, मग तिने तो मोठा करून पाहिला.

"छान आहे बाबा. पण फोकस गेलाय. आणि हा वरचा भाग कापला गेला. थोडं मागे सरकायला हवं होतं."

"मागे फ्रिज आहे," मेस्त्री म्हणाले.

"मग बसून काढायचा. खालून अँगलही बरा मिळाला असता."

मेस्त्रींनी कॅमेरा तिच्या हातातून काढून घेतला. चार पुस्तकं वाचून ही पोरं फोटो शिकतात आणि समोर काय आहे ते यांना दिसत नाही. "बरं," ते म्हणाले. एवढं सौम्य उत्तर त्यांनी तिला आधी कधी दिलं नव्हतं. जान्हवी गोंधळली.

पुढे तिने स्वतःसाठी दुसरा कॅमेरा घेतला आणि हा त्यांना देऊन टाकला. मेस्त्री त्याने रोज फोटो काढतात. घरातलेच. सिद्धेश जेवणानंतर बडीशेप हातावर घेऊन झोपी जातो तो. अक्षता आरशासमोर दात पाडायचा सराव करते ती. सुगंधाबाई आता क्वचित ताठ होतात, पण होतात. तेव्हा मेस्त्री कॅमेरा खाली ठेवतात आणि अंबादासचा विषय काढतात. शेजाऱ्यांपैकी कुणी पासपोर्टचा फोटो काढून द्याल का विचारलं, तर कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता देतात आणि वर सांगतात, "तुमच्या चेहऱ्याला तो चालेल."

जान्हवी रविवारी हौशी फोटोग्राफरांच्या एका गटात जाते. तिच्या आग्रहाने मेस्त्रीही एकदा गेले. मुलुंडच्याच एका बागेत पंधरावीस जण जमले होते, एकेकाच्या गळ्यात तोफेएवढ्या लेन्स. सगळे मिळून एका झोपलेल्या माळ्याच्या तळपायांचे फोटो काढत होते. मेस्त्री बाजूला उभे राहून बघत राहिले. गटाचा म्होरक्या सुयोग नावाचा पोरगा होता, दाढी राखलेला. तो अदबीने त्यांच्याजवळ आला.

"काका, जान्हवी सांगत होती, तुम्ही घरातले फार सुंदर क्षण टिपता. तुमचं एखादं काम दाखवा ना आम्हाला."

"काम नाही ते," मेस्त्री म्हणाले. "काम मी सोडलं."

"म्हणजे तुमचा आवडता एखादा फोटो."

"आहे एक. हललेला आहे. कपाळ कापलंय."

सुयोगने समजल्यासारखी मान हलवली. "कधी कधी त्या अपूर्णतेतच सौंदर्य असतं, नाही का?"

मेस्त्रींनी त्याच्या दाढीकडे, टोपीकडे, खिसेच खिसे असलेल्या जाकिटाकडे सावकाश पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "हललाय म्हणजे हललाय. हात हलला माझा."

"मग दाखवा तरी."

"दाखवण्यातला नाही."

जान्हवी तिकडे तळपायांच्या रांगेत होती. तिला त्यांनी लांबूनच हात केला आणि फाटकाबाहेर येऊन रिक्षा पकडली. सुगंधाबाईंनी सकाळीच बजावलं होतं की काल तिसऱ्या गल्लीतल्या पद्मजाबाई हळदीकुंकवाला येऊन गेल्यात, त्यांनी काय काय तारे तोडले ते सांगायचं आहे, आणि घोळीची भाजी निवडायची पडली आहे.